‘सई’ या नावाचा नेमका अर्थ काय? रविवारी बारसं आहे

अबोली

नमस्कार मंडळी. इथे वाचते बरीच वर्षं, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझ्या भावाला मुलगी झाली. येत्या रविवारी बारसं. आत्या मी एकटीच, त्यामुळे कानात कुर्र करून नाव सांगायचा मान माझा. भाऊ-वहिनीने नाव ठरवलंय : सई. मला ऐकताक्षणी आवडलं. अडचण आहे ती आजीची, म्हणजे बाळाच्या पणजीची. आजी ८४ वर्षांची आहे, ऐकू सगळं येतं आणि मत पक्कं असतं. ती म्हणते, “सई हे काय नाव झालं? ती हाक आहे. विहिरीवर जाताना शेजारणीला मारतात ती. पोरीला देवीचं ठेवा, नदीचं ठेवा, फुलाचं ठेवा.”

मी नेटवर शोधलं तर एका ठिकाणी ‘दुधावरची साय’, दुसऱ्या ठिकाणी ‘साईबाबांची कृपा’. दोन्ही पटेनात. शब्द कुठून आला? जुना आहे की हल्लीचा? आणि आजीला काय सांगू? घरात भांडण नको आहे, तिला मनापासून पटायला हवं आहे.

प्राकृतवेडा

अभिनंदन आत्याबाई. आजींना आधी नमस्कार सांगा, कारण त्या शंभर टक्के बरोबर आहेत. सई ही हाकच आहे. फार जुनी हाक.

मूळ संस्कृत शब्द सखी. महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीच्या आधीच्या जुन्या भाषेत, दोन स्वरांमधला ख, घ, थ, ध, भ झिजून ‘ह’ उरतो. मुख चं मुह, मेघ चं मेह, तसं सखी चं सही. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत बायका एकमेकींशी मन मोकळं करतात तेव्हा संबोधन येतं ते ‘सहि’. म्हणजे ‘अगं सखे’. पुढे मराठीने तो ‘ह’ही सोडला. बोलताना आपण नाही चं ‘नाई’ करतो, पाहुणा चा ‘पावणा’ करतो, त्याच वाटेने सही ची सई झाली.

साय हा वेगळा शब्द. त्याचं अनेकवचन सायी, म्हणून कानाला जवळचा वाटतो इतकंच. साई हाही वेगळा, तो स्वामी पासून सामि, मग साईं अशा वाटेने आला असं मानतात. आणि आपण कागदावर करतो ती सही अरबीतून आली, बरोबर-खरं या अर्थाची. तिचा आणि प्राकृत ‘सही’चा काही संबंध नाही.

एक गंमतीची गोष्ट. प्राकृतात ‘सई’ हे रूप आणखी दोन शब्दांचं होतं : सती आणि इंद्राची शची. कारण तिथे त आणि च मधोमध आले की गळूनच पडतात, नदी ची नई होते तशी. त्यामुळे कुणी सई म्हणजे सती किंवा शची असं सांगितलं तर प्राकृतापुरतं ते चूक नाही. पण मराठीत आपण जी सई म्हणतो ती सखीच.

रानजाई

‘सय’ म्हणजे आठवण, तो शब्द याच घरातला का? आमच्याकडे ‘माहेराची सय आली’ म्हणतात.

प्राकृतवेडा

नाही, ती शेजारीण. स्मृति चं प्राकृतात ‘सइ’ होतं, त्यावरून सय. दोन निराळ्या वाटा चालत आल्या आणि इतक्या जवळ येऊन थांबल्या की कवींना हात लांब करावा लागत नाही. सई परांजपे यांनी आपल्या आत्मकथनाचं नाव ‘सय’ ठेवलं आहे, ते यामुळेच किती चपखल बसतं पाहा.

मास्तरीण

हजेरीपटावरून सांगते. प्राथमिक शाळेत २६ वर्षं झाली. सुरुवातीला माझ्या पटावर सुनीता, वैशाली यांच्या मुली होत्या : पूजा, स्नेहल, प्राजक्ता, अश्विनी. सई एकही नव्हती. पहिली सई आली तेव्हा मला वाटलं घरचं लाडाचं नाव चुकून दाखल्यावर आलंय, आणि मी तिच्या आईला तसं विचारलंही. आई म्हणाली, “नाही बाई, हेच खरं नाव.” आता एका तुकडीत दोन असतात आणि त्यांना आडनावाच्या पहिल्या अक्षराने ओळखावं लागतं.

पालक कारण काय सांगतात तर छोटं आहे, जोडाक्षर नाही, मुलीला लवकर लिहिता येईल. तिथे मात्र त्यांचा अंदाज चुकतो. ‘स’ जमतो, ‘ई’ला दम लागतो. डोक्यावरचं ते रफारासारखं वळण मुली हटकून विसरतात आणि वहीवर नाव उमटतं ‘सइ’. पहिलीच्या दिवाळीपर्यंत माझ्या सगळ्या सया ऱ्हस्व असतात. ज्या दिवशी वळण बरोबर चढतं त्या दिवशी वही घेऊन टेबलाशी येतात, दाखवायला.

सई_स्वतः

मी ३१ वर्षांची सई. अबोली, नाव जरूर ठेवा, पण इंग्रजी स्पेलिंग आज ठरवा, उद्यावर टाकू नका.

माझ्या वडिलांनी सरळ एस-ए-आय लिहिलं. महाराष्ट्राबाहेर ते सगळे ‘साई’ वाचतात, आणि साई म्हटलं की पुरुष. दक्षिणेत तर साई हे मुलग्यांच्या आणि मुलींच्याही नावात सर्रास जोडलेलं असतं, तिथे माझ्या नावाला कुणी मराठी समजतच नाही. एका परीक्षेच्या प्रवेशपत्रावर माझ्या नावापुढे पुरुष छापून आलं होतं. केंद्रावर उभं राहून मी मीच आहे हे सांगावं लागलं. नोकरीच्या पहिल्या दिवशी माझ्यासाठी ‘श्री. साई’ अशी पाटी तयार होती. माझ्या ओळखीतली एक सई डबल ई लावते, एक मध्ये वाय घालते. वाय घातलेली उच्चाराला सगळ्यात बरी पडते.

तरीही मी नाव बदललं नाही. दोन अक्षरांत कुणी प्रेमाने हाक मारतंय असं वाटतं. अनोळखी माणसानेही मारली तरी.

कागदपत्रे_नीट_ठेवा

वरच्या प्रतिसादाला जोडून एवढंच. जन्मनोंदणीत बाळाचं नाव जन्मापासून १२ महिन्यांत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. त्यामुळे घाईत काहीतरी लिहून देऊ नका. मराठी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरं स्वतः लिहून द्या, तोंडी सांगू नका. ‘सई’ तोंडी सांगितली की लिहिणारा ‘साई’ लिहितो. दाखला हातात आला की तिथेच उभं राहून वाचा.

शरयूकाठ

मी कामानिमित्त नऊ वर्षं रायबरेलीत होते. तिथे सई नावाची नदी आहे! हरदोई, उन्नाव, रायबरेली, प्रतापगडकडून येते आणि जौनपूर जिल्ह्यात गोमतीला मिळते. तुलसीदासांच्या रामचरितमानसात भरत चित्रकूटहून परतताना सई ओलांडतो आणि मग गोमतीत स्नान करतो. वाल्मीकींची स्यंदिका ती हीच असं मानलं जातं. म्हणजे तिचा सखीशी संबंध नाही, पण आजींना नदीचं नाव हवं होतं ना? आहे नदी.

आणखी एक. बंगालीत सइ म्हणजे मैत्रीणच, उच्चार साधारण ‘शोइ’. तिकडे पूर्वी दोन मुली रीतसर ‘सइ’ होत. एकदा झाल्या की जन्माच्या. आणि झारखंडमध्ये ज्यांना आपण आशाताई म्हणतो त्या आरोग्यसेविकांना ‘सहिया’ म्हणतात. तोच शब्द, तोच अर्थ, आणि अजून कामावर आहे.

गडवाट

इतके प्रतिसाद झाले आणि सईबाई राणीसाहेबांचं नाव अजून कुणी काढलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

नाव जुनं की नवं याचं उत्तर राजगडावर आहे. सईबाई फलटणच्या नाईक निंबाळकरांची लेक. १६४० साली पुण्यात शिवरायांशी लग्न झालं तेव्हा दोघंही लहान. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर शंभूराजे झाले. त्यानंतर सईबाईंची प्रकृती सुधारली नाही. बाळाला दूध पाजायला कापूरहोळच्या धाराऊ आल्या. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर सईबाई गेल्या. अफझलखान चालून आलेला, प्रतापगडचा प्रसंग अजून दोन महिने पुढे. शंभूराजे जेमतेम सव्वादोन वर्षांचे.

पद्मावती माचीवर पद्मावतीच्या देवळाजवळ त्यांची मानली जाणारी समाधी आहे. मी जातो तेव्हा तिथे थोडा बसतो. बाकी सगळा गड भालेतलवारींची आठवण करून देतो, तिथे मात्र एका घरातली सून आणि आई आठवते. गेल्या पावसाळ्यात तिथे चौथीपाचवीतली एक मुलगी वडिलांना विचारत होती, “बाबा, हिचं नाव माझंच आहे?” वडील म्हणाले, “उलटं. तुझं नाव हिचं आहे.”

तेव्हा आजींना सांगा, नाव पावणेचारशे वर्षांपूर्वी राजघराण्यात होतं.

रानजाई

गडवाट, शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला.

पण मग एक प्रश्न. सतराव्या शतकात राणीचं नाव, आणि मास्तरीणबाईंच्या पटावर पंचवीस वर्षांपूर्वी एकही नाही. मधे कुठे गेलं होतं?

पानगळ

रानजाई, मला वाटतं मधल्या काळात ते नाव म्हणून मागे पडलं आणि हाक म्हणून राहिलं. जात्यावरच्या ओव्या ऐका. सई, सया, सयांनो, पानोपानी भेटतात. दळणारी बाई पहाटे एकटीच असते, तरी ओवी कुणाला तरी सांगायची असते, ती सईला. ज्या शब्दाने गावातल्या कोणत्याही बाईला बोलवता येतं तो एका मुलीला कसा द्यायचा, असं अबोलीच्या आजीसारखंच सगळ्यांना वाटलं असणार.

शिवाय नावांच्या लाटा पाहा. माझ्या पणजीच्या पिढीत नद्या आणि देवता : गोदावरी, भागीरथी, यमुना, लक्ष्मी, पार्वती. नंतर मालती, कुसुम, नलिनी, सुमन, विमल. मग सुनीता, अनिता, संगीता, वंदना. ऐटदार, तीन-चार अक्षरी, संस्कृत वळणाची नावं म्हणजे शिकलेलं घर, असा तो काळ. त्यात ‘सई’ कोण ठेवणार? १९३८ साली शकुंतला परांजपे यांनी मुलीचं नाव सई ठेवलं ते म्हणूनच मला धाडसाचं वाटतं. स्वतःचं नाव शकुंतला, वडील रँग्लर (केंब्रिजची गणिताची मानाची पदवी), आणि मुलीला ओवीतला शब्द. पुढे स्पर्श, चश्मेबद्दूर, कथा आले आणि श्रेयनामावलीत ते नाव घराघरांत वाचलं गेलं. मग आपल्या पिढीला सई ताम्हणकर. दुनियादारी आला २०१३ ला. तोवर जात्यावर दळणाऱ्या बायका बहुतेक घरांतून गेल्या होत्या. हाक ऐकू येईनाशी झाली तेव्हा नाव ठेवायला मोकळं झालं. मला तरी असं दिसतं.

मास्तरीण

पानगळ, अनुमोदन. हाच क्रम मी मुक्ता, जुई, रमा यांच्याही बाबतीत पाहिला.

गडवाट

एक राहिलं. सईबाईंच्या मुलींची नावं सखूबाई, राणूबाई, अंबिकाबाई. सखूबाईंचं लग्न आईच्याच माहेरी झालं, फलटणच्या बजाजी निंबाळकरांचे चिरंजीव महादजी यांच्याशी. प्राकृतवेडा, सखू म्हणजे पण सखीच ना?

प्राकृतवेडा

अहो, हे माझ्या कसं लक्षात आलं नाही!

होय. गंगा ची गंगू, पार्वती ची पारू, भागीरथी ची भागू, तशी सखी ची सखू. लाडाचा ऊ. म्हणजे राजगडावर आई सई आणि लेक सखू. दोघींचं नाव एकच. एकीचं झिजलेलं, दुसरीचं लाडावलेलं.

आणि आता जरा विचार करा. आज सई म्हटलं की लोकांना नाजूक, शहरी, आधुनिक वाटतं. सखू म्हटलं की जुनाट, अडाणी. नाटक-सिनेमात धुणीभांडी करायला येणारी बाई हटकून सखू किंवा गंगू. प्रत्यक्षात सखू मध्ये संस्कृतातला ‘ख’ जसाच्या तसा शाबूत आहे, आणि सई हे शेकडो वर्षं बायकांच्या तोंडात घासून गुळगुळीत झालेलं रूप. जिला आपण गावंढळ म्हणून टाकली ती मुळाशी जवळची. शब्दात काहीही कमी नव्हतं. तो शब्द कोणाच्या घरात राहिला यावरून आपण त्याची किंमत केली, आणि याचं मला वाईट वाटतं. कऱ्हाडची संत सखू, विठ्ठलाने जिच्या जागी घरकाम केलं म्हणतात, तिच्या नावाला ही वागणूक मिळायला नको होती.

सई_स्वतः

३१ वर्षांत मला हे कुणी सांगितलं नाही. माझ्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचं नाव सखूबाई आहे. चार वर्षं आम्ही दोघी एका स्वयंपाकघरात एकच नाव घेऊन वावरतोय.

अबोली

मंडळी, काल रात्री गडवाट आणि प्राकृतवेडा यांचे प्रतिसाद वाचले आणि पुढे काही वाचवेना.

माझ्या आजीचं नाव सुलोचना. रेशनकार्डावर, बँकेत, आजोबांच्या तोंडी, सगळीकडे सुलोचना. पण ते सासरचं. माहेरची ती सखू. लग्नात ताटात तांदूळ पसरले, आजोबांनी अंगठीने नवं नाव लिहिलं, आणि सखू गेली. आता फक्त तिची थोरली बहीण फोनवर ‘सखे’ म्हणते, आणि तेव्हा आजी दार लोटून बोलते. लहानपणी मी एकदा लाडात ‘सखूआजी’ म्हटलं होतं तर चिडली होती. म्हणाली, “ते नाव काढू नकोस. शाळेत पोरी चिडवायच्या.”

आज दुपारी ती शेंगा फोडत बसली होती. शेजारी बसले आणि सगळं वाचून दाखवलं. सहि, सइ, ओव्या, झारखंडच्या सहिया. नदीचं ऐकून म्हणाली, “असेल.” सईबाईंचं तिला माहीत होतं. मग गडवाट यांचं ते वाक्य वाचलं, सईबाईंची थोरली सखू, आणि दोन्ही नावं एकच. आजीचे हात थांबले. म्हणाली, “परत वाच.” परत वाचलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “माझी आई दळताना मला सये म्हणायची. मला वाटायचं ती ओवीतल्या बाईला म्हणतेय.”

एवढंच. सुपातली उरलेली शेंग फोडून माझ्या हातात दिली. नावाबद्दल हो की नाही काही म्हणाली नाही, मीही विचारलं नाही.

पानगळ

अबोली, रविवारी काय झालं ते नक्की लिहा.

कागदपत्रे_नीट_ठेवा

वाट पाहतोय. आणि दाखला वाचून घ्या.

अबोली

बारसं झालं. थोडक्यात लिहिते, घर अजून आवरायचंय.

आमच्याकडे ताटात तांदूळ पसरून बाळाची चार नावं लिहितात : देवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि चौथं रोजच्या वापरातलं. भावाने गुरुजी सांगतील तशी तीन लिहिली, चौथं ‘सई’ लिहिलं. ई वरचं वळण विसरला होता, मास्तरीणबाई, मी लगेच दाखवलं. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं, मी कुर्र केलं, बाळाच्या कानात नाव सांगितलं, पाठीत सगळ्यांचे बुक्के खाल्ले.

पेढे वाटणं सुरू झालं तेव्हा आजी ताटाजवळ येऊन बसली. भावाला म्हणाली, “अंगठी दे इकडे.” चौथीपर्यंत शिकलेली आहे ती, अक्षर मोठं आणि सावकाश काढते. सई च्या खाली जागा कमी होती, तिने तळहाताने तांदूळ जरा सारखे केले आणि लिहिलं ‘सखू’. वहिनीने फोटो काढायला मोबाईल आणला तोवर आजीने ते नाव हाताने पुसलं नाही, उलट ताट उजेडाकडे सरकवून दिलं.

स्पेलिंग वाय घालून दिलंय.